पार्सल पोचलं, पैसे मात्र परत गेले

वाचकांचं पत्र, थोडक्यात:

अमळनेर तालुक्यातल्या एक वाचक लिहितात: त्या, त्यांची जाऊ आणि गल्लीतल्या पाच-सहा बायका मिळून ज्वारीचे बिबडे (शिजवलेल्या घाट्याचे वाळवलेले पापड), उडदाचे पापड, कळण्याचं (ज्वारी-उडदाचं) पीठ आणि काळा मसाला करतात. भाच्याने वेबसाइट काढून दिली. पेमेंट गेटवेचं (गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे विक्रेत्याकडे पोचवणाऱ्या कंपनीचं) खातं तेव्हा घाईत यजमानांच्या कृषी सेवा केंद्राच्या नावावर उघडलं, ते आजही तसंच आहे. माल पुणे, नाशिक, सुरतला जातो, कधीमधी परदेशीही. वर्षाची विक्री साधारण ४ लाख ८० हजार रुपये.

गेल्या वर्षभरात चार प्रकार झाले. अमेरिकेत मुलाकडे गेलेल्या एका मावशींनी दिवाळीआधी १८,४०० रुपयांचा माल कार्डावर मागवला. पार्सल पोचलं, 'भेटलं बेटा, बिबडे एक नंबर' असा निरोपही आला. दोन महिन्यांनी 'कार्डधारकाला हा व्यवहार ओळखीचा नाही' म्हणून पैसे परत खेचले गेले. गेटवेचा इंग्रजी मेल आला होता, पण तो फसवा असेल म्हणून यांनी उघडलाच नाही. मग एकाने यूपीआयचा खोटा स्क्रीनशॉट दाखवून २,६०० चा मसाला नेला. कॅश ऑन डिलिव्हरीची काही पार्सलं दारातून परत आली, त्यात भाडं आणि चुरा झालेले बिबडे धरून ५,२०० गेले. आणि एका मोठ्या खरेदी-अ‍ॅपवरच्या गिऱ्हाइकाने १,१५० चा मसाला 'परत' केला, तर डब्यात दुसरंच तिखट निघालं.

सासूबाई म्हणतात, "हाऊ धंदा आपला नही शे." यजमान म्हणतात, ऑनलाइन बंद कर, दुकानात ठेव आणि विक. पुतण्या म्हणतो, या लोकांची नावं आणि नंबर खान्देशातल्या सगळ्या ग्रुपवर टाकू. त्या विचारतात: बंद करू का? फक्त आधी पैसे घेऊनच माल देऊ का? आणि खोटं गिऱ्हाईक आधीच ओळखायचं कसं?

उत्तर:

ताई,

चार नुकसानं सांगितलीत आणि चारही एकाच रकान्यात टाकलीत, फसवणुकीच्या. त्यातलं सगळ्यात मोठं, अमेरिकेचं, मी आधी घेते, कारण ती फसवणूकच आहे याची मला खात्री नाही.

मावशी मुलाकडे गेलेल्या. मागणी त्यांची, कार्ड बहुधा मुलाचं किंवा सुनेचं. पार्सल आलं, त्यांनी तुम्हाला कळवलं, त्यांच्या लेखी विषय संपला. आता त्या मुलाच्या जागी बसा. दोन महिन्यांनी तो कार्डाचं बिल चाळतोय. त्यात पापड दिसत नाही, बिबडे दिसत नाहीत, तुमच्या डब्यावरचं नावही दिसत नाही. दिसतं एक कृषी सेवा केंद्र, भारतातलं, आणि समोर दोनशेच्या वर डॉलर. न्यू जर्सीत राहणारा माणूस बी-बियाण्याच्या दुकानात कशाला पैसे भरेल? बँकेच्या अ‍ॅपमध्ये 'हा व्यवहार माझा नाही' असं बटण असतं, ते त्याने दाबलं. आई तोवर कदाचित गावी परतलीसुद्धा असेल. असंच झालं असं मी छातीठोकपणे सांगत नाही. पण तुम्ही दिलेल्या माहितीत हे बसतं, आणि एका माणसाने बिबडे खाऊन, कौतुक करून, दोन महिने थांबून मग खोटं बोलायचं ठरवलं यापेक्षा जास्त सहज बसतं.

म्हणून पहिलं काम: गेटवेचं खातं स्वतःच्या व्यवसायाच्या नावावर करून घ्या. ज्या नावाने डबा विकता तेच नाव गिऱ्हाइकाच्या बिलावर उमटलं पाहिजे. एका धंद्यासाठी घेतलेलं खातं दुसऱ्याच धंद्याला वापरणं गेटवेच्या अटींतही बसत नाही. उद्या त्यांनी तपासणी केली तर पैसे अडकवून ठेवायला त्यांना आयतं कारण मिळेल. यजमानांच्या दुकानाचा परवाना खत-बियाण्यांचा, तुमचा माल खाण्याचा. दोन्हींची कागदपत्रं वेगळी, कराचे दर वेगळे. परदेशी माल पाठवत असाल तर आयात-निर्यात कोडही लागतो. हे सगळं सीएकडे एकदा बसून उरकून टाका.

आता चार्जबॅक, म्हणजे कार्डावरचे पैसे असे परत खेचले जातात, तेव्हा नेमकं काय होतं ते सांगते, कारण तुमच्यासारख्या पुष्कळ जणींना वाटतं की बँकेने गिऱ्हाइकाची बाजू घेतली. बँकेने अजून कुणाचीच बाजू घेतलेली नसते. कार्डधारक आपल्या बँकेकडे तक्रार करतो. ती बँक व्हिसा, मास्टरकार्ड किंवा रुपे यांच्या यंत्रणेतून तुमच्या गेटवेच्या बँकेकडे पैसे मागते. गेटवे तेवढी रक्कम तुमच्या येणाऱ्या पैशातून अडवून ठेवतो आणि तुम्हाला विचारतो, तुमचं म्हणणं काय? उत्तराला मोजके दिवस मिळतात, बहुतेक ठिकाणी आठवडा-दहा दिवस. त्यात पुरावा गेला तर तो कार्डाच्या बँकेपुढे जातो. नाही गेला, तर तुम्ही दावा मान्य केला असं धरून पैसे जातात. तुमच्या बाबतीत हेच झालं. कुणी तुम्हाला खोटं ठरवलं नाही. तुमच्याकडून कुणी बोललंच नाही.

तो मेल उघडला नाहीत याबद्दल मी तुम्हाला बोलणार नाही. 'तुमचे पैसे अडकले आहेत, इथे क्लिक करा' असे दहा खोटे मेल आल्यावर अकरावा खरा कसा ओळखायचा? त्याला एक साधा उपाय आहे. असा मेल आला की त्यातल्या लिंकला हात लावू नका. गेटवेच्या पानावर नेहमीसारखं स्वतः जाऊन लॉगिन करा. दावा खरा असेल तर तो तिथे, डिस्प्युटच्या (हरकत आलेल्या व्यवहारांच्या) भागात, शेवटच्या तारखेसकट दिसतोच. दर सोमवारी सकाळी पाच मिनिटं तिथे डोकवायची सवय लावा, मेल आलेला असो वा नसो. आणि मेल भाच्याच्या पत्त्यावर जात असतील तर तो पत्ता बदला. भाचा पुण्यात नोकरीला, त्याला तुमचा मेल वाचायला कुठे वेळ?

व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक कारणांसाठी कार्डधारकाला १२० दिवसांपर्यंत दावा करता येतो. म्हणजे दिवाळीच्या मालावर जवळजवळ चार महिन्यांनीही हरकत येऊ शकते. तोवर त्या ऑर्डरचा एकही कागद, एकही चॅट, एकही व्हिडिओ पुसायचा नाही. मोबाइलची जागा भरली म्हणून व्हॉट्सअ‍ॅप साफ करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. पुरावा त्यातच गेलेला असतो.

देशातल्या आणि परदेशातल्या कार्डात एक मोठा फरक आहे. आपल्याकडे ऑनलाइन कार्ड वापरताना ओटीपी लागतो. ओटीपी टाकून झालेल्या व्यवहाराबद्दल कुणी नंतर 'मी केलाच नाही' म्हणालं तर त्याची जबाबदारी साधारणपणे कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते, विक्रेत्यावर नाही. अमेरिकेतलं कार्ड बऱ्याचदा नुसता नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे यांवर चालतं. तिथे 'मी केला नाही' या वाक्याला वजन येतं. म्हणून परदेशी ऑर्डरसाठी गेटवेला विचारा की ओटीपीसारखी पडताळणी सक्तीची करता येते का. काही कार्डं त्यामुळे नाकारली जातील, चार ऑर्डरी कमी येतील. मोठ्या रकमेपुरती तरी ती लावा, असं माझं मत. शिवाय ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांची शुल्कमाफी काढून टाकली. आता पापडाच्या खोक्यावरही शुल्क लागतं. ते कोण भरणार हे पैसे घेण्याआधी लेखी ठरलेलं नसेल तर पार्सल अडकतं, गिऱ्हाईक हात वर करतं आणि पुढचा दावा येतो, 'माल मिळाला नाही'.

पुरावा म्हणजे काय, तर तुम्हाला न ओळखणाऱ्या, बिबडा कधी न पाहिलेल्या माणसाला दहा मिनिटांत पटेल अशी एक फाइल. त्याच्यापुढे तुमचा प्रामाणिकपणा मोजला जात नाही, कागद मोजले जातात. ऑर्डरचं पान, बिल, पैसे आल्याची नोंद, गिऱ्हाइकाने स्वतः लिहिलेला पत्ता आणि त्याच पत्त्यावर माल पोचल्याची कुरिअरची नोंद, सही किंवा ओटीपीसकट. कुरिअरच्या पावतीवरचं वजन बायका विसरतात. खोकं चार किलोचं होतं असं तिसरीच कंपनी लिहून देतेय, याच्यापुढे 'रिकामं खोकं आलं' हे म्हणणं टिकत नाही. आणि सगळ्यांच्या वर तो मावशींचा निरोप. 'भेटलं बेटा' हा स्क्रीनशॉट, तारीख आणि नंबर दिसेल असा, खाली इंग्रजी अर्थासह, वेळेत गेला असता तर निकाल वेगळा लागण्याची चांगली शक्यता होती. म्हणून आता प्रत्येक गिऱ्हाइकाला माल पोचल्यावर एक ओळ विचारायचीच: 'पार्सल नीट मिळालं का? काही तुटलं का?' नाराज माणूस तिथेच बोलून मोकळा होतो, बँकेत जात नाही. खूश माणसाचं उत्तर तुमच्या फाइलला लागतं.

पॅकिंगचा व्हिडिओ काढा, पण रील काढतो तसा नको. गाणं नको, मध्ये कट नको. काट्यावर वजन, मालाची पाकिटं, खोक्यात भरणं, चिकटपट्टी, वर कुरिअरचा नंबर असलेलं लेबल, सगळं एका दमात. दोन मिनिटं लागतात. दोन-अडीच हजारांच्या वरच्या मालालाच काढा. प्रत्येक पाव किलो मसाल्याला काढायला बसलात तर मसाला कुटणार कोण?

एक सापळा आधीच सांगून ठेवते. दावा लागल्यावर गिऱ्हाईक फोन करतं: 'चूक झाली हो, तुम्ही मला सरळ गूगल पेवर पैसे परत करा, मी बँकेला सांगतो.' करू नका. तुम्ही पैसे दिलेत आणि बँकेचा दावाही चालू राहिला तर तुमचे दोनदा जातात. दावा चालू असताना परतावा द्यायचाच असेल तर गेटवेवर तो दावा मान्य करून टाका. नाहीतर आधी त्याच्या बँकेकडून दावा मागे घेतल्याचं लेखी येऊ द्या. याचाच भाऊ म्हणजे 'चुकून जास्त पैसे आले, उरलेले या दुसऱ्या नंबरवर टाका.' पैसे ज्या वाटेने आले त्याच वाटेने परत जातील, दुसऱ्या कुठल्याही खात्यात नाही. ते मूळ पैसे कुणाचे तरी चोरलेले असू शकतात. मग सायबर पोलिसांच्या सांगण्यावरून बँक तुमचं खातं गोठवते आणि ज्वारी भरायला पैसे काढता येत नाहीत. तशी वेळ आली तर ऑर्डर, बिल आणि कुरिअरची पावती घेऊन आधी बँकेत जा, कुठल्या पोलीस ठाण्याच्या कोणत्या तक्रारीवरून खातं अडवलं ते लेखी घ्या आणि तिथे खुलासा पाठवा. बँकेने ३० दिवस दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन, फुकट तक्रार करता येते. त्यांचा फोन १४४४८.

गेलेल्या १८,४०० चं काय? आधी गेटवेला लेखी विचारा की प्रकरण पूर्ण बंद झालं की अजून एखादी पायरी उरली आहे. बंद झालं असेल तरी मावशींना निरोप पाठवा. रागाचा नको, वकिली नको. असा लिहिता येईल:

'मावशी, नमस्कार. दिवाळीआधी तुम्ही मागवलेला माल मिळाल्याचं तुम्ही कळवलं होतं, त्याचा फोटो सोबत आहे. तुमच्या मुलाच्या कार्डाच्या बिलावर आमचं नाव नसून आमच्या घरच्या कृषी केंद्राचं नाव दिसलं असणार, त्यामुळे त्यांना व्यवहार ओळखू आला नसेल. बँकेने ते पैसे आमच्याकडून परत घेतले आहेत. मुलाला विचारून सांगाल का? पैसे पाठवायची नवी लिंक हवी असेल तर देते.'

यात त्यांना खोटं ठरवलेलं नाही, मुलाला मान खाली घालावी लागत नाही. नाव न ओळखल्यामुळे दावा झाला असेल तर पैसे परत येण्याची मला बरीच आशा वाटते. उत्तरच आलं नाही, तर मात्र तुमची शंका खरी होती असं समजा आणि तो हिशोब मिटवा. न्यू जर्सीत जाऊन १८ हजारांची वसुली होत नाही.

आता यजमानांच्या सल्ल्याकडे येते, आणि इथे मला त्यांनाच एक प्रश्न विचारायचाय. दादा, तुमच्या दुकानातून जूनमध्ये कपाशीचं बियाणं आणि खत किती घरांना उधारीवर जातं? कापूस घरात आला, विकला, की दिवाळीच्या पुढे-मागे पैसे येतात. कुणाचे येतात, कुणाची बोंडअळी निघते, कुणाच्या घरी लग्न निघतं आणि बाकी पुढच्या वर्षावर जाते. वहीत काही नावं अशी असतील की जी आता येणार नाहीत हे तुम्हालाही माहीत आहे. म्हणून दुकान बंद केलंत का? नाही केलंत, कारण त्याला तुम्ही धंद्यातली बुडीत म्हणता. बायकोचे गेले की ती 'फसवली गेली'. हा न्याय मला पटत नाही.

आकडे मांडू या. तुमची चारही नुकसानं मिळून २७,३५० रुपये. ४ लाख ८० हजारांच्या विक्रीवर ते जवळजवळ पावणेसहा टक्के होतात. हे जास्त आहे, असं चालू देऊ नका. पण अमेरिकेची एक ऑर्डर बाजूला काढली तर ८,९५० उरतात, दोन टक्क्यांच्या आत. म्हणजे तुमचा धंदा चारी बाजूंनी गळत नाहीये. एका जागी मोठं भोक आहे, तेही पाटीवरच्या नावाचं. बाकीचं नुकसान किमतीत धरायचं असतं. कुरिअरचं भाडं धरता, तसंच शेकडा दोन रुपये धरा.

दुकानात माल ठेवायला माझी हरकत नाही, जरूर ठेवा. पण अमळनेरात बिबडे विकत घेणार कोण? इथे प्रत्येक गच्चीवर उन्हाळ्यात ते वाळत असतात. तुमचं गिऱ्हाईक सुरतेच्या उधना-लिंबायतमध्ये आहे, पिंपरी-चिंचवडला आहे, जिथे गच्ची नाही आणि घाटा हाटायला सासू नाही. ऑनलाइन बंद करणं म्हणजे त्यांना बंद करणं.

'आधी पैसे, मग माल' हा नियम सरसकट नको. जुन्या गिऱ्हाइकाला तो अपमान वाटतो. नवीन गिऱ्हाइकाला शंका येते, कारण त्यांनाही खोटे विक्रेते भेटलेले असतात. ते तर आपण विसरतोच! कॅश ऑन डिलिव्हरी ठेवा, पण नव्या माणसाकडून येण्या-जाण्याच्या भाड्याइतके, शंभर-दीडशे रुपये आधी घ्या आणि बिलातून वजा करा. ज्याला माल हवा असतो तो ते भरतो. पाठवण्याआधी एक फोन करा. पत्ता पक्का होतो, आणि 'मी मागवलंच नाही, पोराने दाबलं असेल' हेही तेव्हाच कळतं. परत आलेल्या पार्सलांत खोटी माणसं थोडी असतात. घरी कुणी नव्हतं, सुट्टे नव्हते, नवऱ्याने दारातून परत लावलं, असंच जास्त असतं. बिबडे मात्र कॅश ऑन डिलिव्हरीवर पाठवू नका. जाताना टिकले तरी परतीच्या प्रवासात त्यांचा भुगा होतो. मसाला, पीठ पाठवा. पोस्टाचा विचारही करा. ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टवर पाच रुपये आणि वर कर भरून ओटीपी घेऊनच वाटप करायची सोय मिळते. पाच रुपयांत इतका पक्का पुरावा दुसरीकडे मिळायचा नाही.

स्क्रीनशॉटचं प्रकरण मात्र सरळ चोरी आहे. त्याला नियम एकच: गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर काय दिसतं ते बघायचंच नाही. आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा दिसली तर माल निघेल. हुबेहूब दिसणारी खोटी पेमेंट अ‍ॅप आहेत, मेसेजही बनवता येतात. 'ताई, माझे कटलेत हो, तुम्हाला दिसत नसतील' असं कुणी म्हणालं तर शांतपणे सांगा: रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे अडकलेले पैसे आपोआप तुमच्याकडे परत येतात, खात्यातून खात्यात असतील तर दुसऱ्या दिवसापर्यंत, दुकानाच्या क्यूआरवर असतील तर पाच दिवसांत. उशीर झाला तर बँक दिवसाला शंभर रुपये देणं लागते. तोवर तुमचा माल बाजूला काढून ठेवते. खरा माणूस थांबतो. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही, हे जाऊबाईंनाही सांगून ठेवा, फोन त्याही उचलतात.

त्या २,६०० ची तक्रार करा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करता येते, किंवा अमळनेर ठाण्यात लेखी द्या. खोट्या स्क्रीनशॉटवर माल नेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ ची फसवणूक आहे. १९३० हा सायबर फसवणुकीच्या मदतीचा फोन खात्यातून पैसे निघून गेले असतील तेव्हा लगेच करायचा. तुमच्याकडून पैसे गेलेच नाहीत, माल गेला, म्हणून तिथे थांबवण्यासारखं काही नाही. पैसे परत मिळतील या आशेवर बसू नका. पण तोच नंबर वापरून त्याने आणखी कुणाला गंडवलं असेल तर तुमचा कागद त्या कागदांना जोडला जातो.

अ‍ॅपवरच्या तिखटाच्या अदलाबदलीला माझ्याकडे लांब उत्तर नाही. परत आलेलं खोकं व्हिडिओ चालू केल्याशिवाय उघडायचं नाही. लेबल, चिकटपट्टी, काट्यावरचं वजन, मग आतला माल. मुदत फार थोडी असते, त्यामुळे त्याच दिवशी विक्रेत्याच्या पानावरून दावा टाकायचा. पाकिटांना बॅच नंबर टाका, मग 'हे आमचं नाही' हे दाखवता येतं. खाद्यपदार्थ परत न घेण्याच्या गटात नोंदवता येतात का तेही त्या अ‍ॅपवर बघा. मात्र माल खराब निघाला, वर्णनाप्रमाणे नसला किंवा ठरल्या वेळेनंतर पोचला तर परत घ्यायला विक्रेत्याला नाही म्हणता येत नाही. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत ते स्पष्ट आहे. तुटलेल्या बिबड्यांच्या तक्रारी तुमच्याकडेही आल्या असतील. त्या सगळ्या खोट्या होत्या का, हे एकदा जावेबरोबर बसून आठवा.

राहिला पुतण्या. त्याला सांगा, नंबर ग्रुपवर टाकायचे नाहीत. मावशींचं नाव टाकलं असतं आणि त्या निर्दोष निघाल्या असत्या तर? स्क्रीनशॉटवाल्याचं सिमकार्ड भलत्याच माणसाच्या नावावर असू शकतं. बदनामीचा दावा तुमच्यावर उलटेल, न्याय संहितेचं कलम ३५६ आहे त्यासाठी. शिवाय ग्रुपमधली बाकीची दोनशे माणसं मनात म्हणतील, उद्या माझं पार्सल परत गेलं तर माझाही नंबर इथे येईल. नोंद ठेवायची तर आपल्या वहीत ठेवा: हा नंबर, हा पत्ता, यांना आगाऊ पैशाशिवाय माल नाही. पुतण्याच्या अंगात एवढा उत्साह असेल तर त्याला पॅकिंगच्या व्हिडिओंचं आणि सोमवारच्या लॉगिनचं काम द्या.

एखादं देशातलंच गिऱ्हाईक, ज्याचं नाव-पत्ता पक्का माहीत आहे, मोठी रक्कम बुडवत असेल तर तालुका न्यायालयातल्या विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ प्रमाणे स्त्रियांना तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीत प्रकरण ठेवता येतं. एका नोटिशीवर बरेच जण ताळ्यावर येतात.

आणि खोटं गिऱ्हाईक आधीच ओळखायचं कसं? ओळखता येत नाही, ताई. फार घाई करणारं, किंमत न विचारता एकदम दहा किलो मसाला मागणारं, कार्ड एकाचं आणि पत्ता तिसऱ्याचा असं दिसलं तर एक फोन जास्त करा, बास. गोड बोलणारं प्रत्येक गिऱ्हाईक संशयित धरायला लागलात तर काम नकोसं होईल.

गेटवेच्या नव्या खात्याला कागदपत्रं तपासायला वेळ लागतो. चैत्रात बिबड्यांच्या ऑर्डरी सुरू होतील, त्याआधी ते उघडून घ्या. अर्जात बिलावर दिसणाऱ्या नावाचा एक वेगळा रकाना असतो, त्यात अक्षरं मोजकीच बसतात. घरच्या नावात 'महिला गृहउद्योग' वगैरे मोठं असेल तर ते तिथे अर्ध्यात तुटेल, म्हणून डब्यावरचं लहान नावच टाका. खातं चालू झालं की पहिली ऑर्डर जावेच्या कार्डावरून स्वतःच करून बघा आणि तिच्या बँकेच्या मेसेजमध्ये कुणाचं नाव आलंय ते वाचा.